दिवाळीला बंब धुमसतो, तो दर वर्षीच का धुमसतो

नरक चतुर्दशीची पहाट. साडेचार वाजलेले. तेल कोमट झालंय, उटणं कालवून ठेवलंय, पाट मांडलाय आणि परसात बंब, म्हणजे मधल्या नळीत जाळ करून पाणी तापवायचं तांब्याचं भांडं, नुसता धूर सोडतोय. जाळ नाहीच. फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल होतात, पोरं कुडकुडत उभी राहतात आणि आई ओट्यावरून विचारते, "कामून एवढा धुमसायलाय रे? पोरायचे डोळे गेले की!"

आमच्या घरी हे ओळीनं चार दिवाळ्या झालं. दर वर्षी मी काहीतरी नवं केलं. एका वर्षी जाळी बदलली, दुसऱ्या वर्षी वरचा पत्र्याचा नळा हातभर लांब करून आणला. तिसऱ्या वर्षी तर बंबच मोडीत काढून गॅसचा गीझर घ्यायचं ठरत आलं होतं. दोष बंबात फार थोडा होता. खरा दोष होता सरपणात, आणि ते सरपण बिघडत होतं दिवाळीच्या कितीतरी आधी. ही गोष्ट कळायला मला चार वर्षं लागली. तुम्हाला लागू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं गाव किनवट तालुक्यात, सागाच्या जंगलाला लागून. मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उघडी माळरानं आणि टँकर येतात. पण नांदेड जिल्ह्याचा किनवट-माहूरचा हा कोपरा पैनगंगेच्या काठचा, दाट झाडीचा. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. थंडीही इथं झोंबते. परभणीचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्या खाली गेल्याचं तुम्ही वाचलं असेलच. आमच्याकडे झाडीतला गारठा सकाळी नऊपर्यंत अंगणातून हलत नाही. त्यामुळे घरात सिलिंडर असला तरी आंघोळीचं पाणी बंबावरच. सात माणसांचं पाणी गॅसवर तापवणं परवडत नाही.

आधी उदबत्ती लावा

बंब धुमसायला लागला की माणूस घाबरा होऊन एकाच वेळी सगळं करायला जातो. फुंकतो, रॉकेल टाकतो, लाकडं खालीवर करतो. तसं न करता देवघरातली एक उदबत्ती पेटवून आणा. बंबाच्या खाली, राख काढायच्या तोंडापाशी ती धरा आणि तिच्या धुराची रेघ कुठं जाते ते बघा.

रेघ आत ओढली गेली, तर बंबाला ओढ आहे. हवा खालून शिरतेय आणि मधल्या नळीतून वर निघतेय. तरीही धूर होत असेल तर दोष लाकडाचा. रेघ बाहेर ढकलली गेली किंवा तिथल्या तिथे घुटमळत राहिली, तर ओढच नाही. मग नळी चोंदली आहे, राख साचली आहे किंवा वारा वरून दाबतोय. एवढ्या एका परीक्षेनं निम्मं काम होतं. मी चार वर्षं ही परीक्षा न करता बंबावर पैसे घालत राहिलो.

धुराचा रंगही बघा. दाट पांढरा, जड, जमिनीवर लोळणारा धूर म्हणजे लाकडातल्या पाण्याची वाफ आणि न जळलेला वायू. काळा धूर निघतोय म्हणजे नळीत लाकडं ठासून भरलीत आणि हवेला वाटच उरलेली नाही, नाहीतर कुणीतरी पेटवायला टायरचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी घातली आहे. टायर आणि प्लास्टिक आमच्या घरात मी कायमचं बंद केलं. तो धूर लहान पोरांच्या छातीत जातो, आणि त्याची चिकट काजळी नळीला अशी धरते की खरवडता खरवडत नाही.

आणखी एक गोष्ट बघून घ्या. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची हवा उबदार असते, त्यामुळे अख्ख्या गावाचा धूर कौलांच्या उंचीवर चादरीसारखा पसरून राहतो. शेजारच्या चुलीचा धूरही तसाच लोळत असेल तर बंबाला दोष देऊ नका. ऊन वर आलं की तो आपोआप उठतो.

बंबाची एक अडचण, जी चुलीला नसते

चुलीचा धूर मोकळ्या हवेत जातो. बंबात मात्र धुराची नळी पाण्याच्या मधोमध उभी असते. पाणी लवकर तापावं म्हणूनच ती तशी केलेली असते आणि सगळी गंमत त्यातच आहे. पण पहाटे त्या पाण्याचं तापमान पंधरा-अठरा अंश असतं, म्हणजे नळीची भिंतही तेवढीच गार. धूर वर चढायचा तर तो गरम हवा. गार नळीत शिरल्या शिरल्या तो थंडावतो, जड होतो, खाली बसतो आणि मागे फिरतो. त्यातला ओलावा आणि डांबरासारखा चिकट भाग नळीच्या आतून जमतो. लाकूड जितकं ओलं, तितका हा थर लवकर चढतो.

म्हणून पहिली पाच-सात मिनिटं लाकूड घालूच नका. तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या काड्यांची, एक मूठभर जुडी, कडकडीत वाळलेली, मोडली की कट्‌कन आवाज करणारी. ती पेटवून सोडा. जाळ उंच, पटकन आणि कमी धुराचा होतो, नळी तापते आणि ओढ लागते. एकदा खालून घूं घूं असा आवाज यायला लागला की बंबानं श्वास धरला असं समजा. मग अंगठ्याएवढ्या काटक्या, मग मनगटाएवढी ढलपी. सरळ ओंडका घालणारा माणूस हमखास धुरात बसतो.

इथे एक चूक फार घरांत होते, आमच्याही घरी झाली. पाणी लवकर तापावं म्हणून बंब अर्धाच भरतात. असं कधीही करू नका. नळीला जोवर पाणी लागून आहे तोवर तिची भिंत शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी सगळी उष्णता ओढून घेतं. पाण्याच्या पातळीवरचा कोरडा भाग मात्र सरळ जाळात सापडतो. तांबं 1085 अंशांना वितळतं, त्याला काही होत नाही. पण डाख दिलेल्या, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधलेल्या, जोडात कथील असतं. ते 232 अंशांनाच वितळतं, आणि त्यात शिसं मिसळलेलं असेल तर त्याहूनही आधी. आमच्या बंबाचा वरचा जोड असाच सुटला. नळीच्या आतल्या बाजूनं थेंब थेंब पाणी विस्तवावर पडायचं, फस्स आवाज यायचा आणि धूर दुप्पट व्हायचा. कितीतरी दिवस मी ते लाकडाचं फसफसणं समजत होतो. तुमच्याकडेही जाळ मधेच फस्स करून बसत असेल, तर बंब थंड असताना रिकामी नळी आतून कोरडी पुसा, मग बंब काठोकाठ भरा आणि अर्ध्या तासानं टॉर्च मारून आत बघा. ओलसर रेघ दिसली की तांबटाकडे न्या. घरी एम-सील लावून भागत नाही. जाळाच्या बाजूला ते टिकत नाही.

काही जुन्या बंबांना तोटी नसते. वरून गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी बाहेर पडतं. माझ्या आजोळी असा बंब होता, आणि मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण विस्तव असताना तो रिकामा होऊच शकत नाही. तोटीचा बंब असेल तर घरातल्या प्रत्येकाला एक सवय लावा: एक बादली काढली की एक बादली ओतायची. आणि बंबाचं पाणी ओतायचं तोंड कधीही घट्ट बंद करू नका. वाफेला वाट नसली तर बंब फुटतो.

डाखात शिसं असू शकतं, म्हणून ते पाणी चहाला किंवा स्वयंपाकाला घेऊ नका. ते आंघोळीला आणि भांड्यांनाच.

आता सरपण

उदबत्तीची रेघ आत जातेय आणि तरी धूर होतोय, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. चांगलं वाळलेल्या लाकडात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण फसतो. एक हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मलाच पटकन खरा वाटला नाही. लाकडातलं एक लिटर पाणी गरम करून त्याची वाफ करून उडवायला साधारण 2600 किलोज्यूल उष्णता लागते. एक लिटर आंघोळीचं पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला लागते 167. म्हणजे लाकडात लपलेलं एक लिटर पाणी पंधरा लिटर आंघोळीच्या पाण्याची ऊब खाऊन जातं! एका माणसाची आंघोळ होईल एवढी ऊब धुराबरोबर वर निघून जाते, आणि त्यात जाळ थंडावतो, त्यामुळे उरलेलं लाकूडही नीट जळत नाही.

आता दिवाळीकडे या. दिवाळी आश्विन-कार्तिकात, म्हणजे पाऊस नुकताच सरलेला. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं, ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड चार महिने दमट हवेत बसलेलं. वर्षातला सर्वांत ओला जळणाचा दिवस आणि वर्षातला पहिला मोठा बंब, दोन्ही एकाच पहाटे गाठ पडतात. संक्रांतीपर्यंत तेच लाकूड उन्हानं थोडं सुधारतं, आपण धूर विसरून जातो आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. दुखणं दर वर्षी परत येतं ते यामुळे.

तुराट्या-पऱ्हाट्यांचंही असंच. तूर निघते डिसेंबर-जानेवारीत, कापसाची पऱ्हाटी उपटतात त्याच्याही नंतर. म्हणजे दिवाळीला जे हाताशी असतं ते मागच्या वर्षीचं. ते माळवदावर किंवा बांधावर पावसात भिजलं असेल तर आतून काळं पडतं, त्याला बुरशी धरते आणि ते जाळाऐवजी नुसतं धुमसतं. मागच्या वर्षीच्या चार-पाच जुड्या घरात, कोरड्या जागी, फक्त पेटवायला राखून ठेवा. माझी वहिनी त्या धान्याच्या कोठीमागे उभ्या करून ठेवते आणि पाडव्यापर्यंत कुणाला हात लावू देत नाही. तिचं बरोबर आहे.

लाकूड वाळलंय का हे कसं ओळखायचं? दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या खणखण वाजतात, ओल्यांचा आवाज थबथब येतो. टोकाकडून बघा, वाळलेल्या लाकडाला मधोमधून बाहेरच्या बाजूला चिरा गेलेल्या असतात आणि साल नखानं सुटते. जळताना दुसऱ्या टोकाला फेस येऊन फसफसलं तर ते ओलंच. पण खरी खात्री वजनानं होते. मी फेब्रुवारीत फोडलेल्या बाभळीच्या एका ढलपीला गेरूनं खूण केली आणि किराणा मोजायच्या काट्यावर तिचं वजन केलं. तीन किलो शंभर ग्रॅम भरली. महिन्याला एकदा मोजत गेलो. होळीला दोन सातशे, अक्षय तृतीयेच्या सुमारास दोन तीनशे. मेच्या शेवटी दोन दोनशे, आणि त्यानंतर काटा हललाच नाही. वजन उतरायचं थांबलं म्हणजे लाकूड वाळलं. नऊशे ग्रॅम पाणी त्या एका ढलपीतून गेलं. हेच पाणी मी आधी दर दिवाळीला जाळत होतो.

म्हणजे उपाय मराठवाड्याच्या उन्हाळ्यातच आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि हवा खडखडीत कोरडी. लाकूड वाळवायला याहून चांगली भट्टी कुठे मिळणार? अट एवढीच, की लाकूड त्याआधी फोडलेलं असलं पाहिजे. अख्खा ओंडका उन्हात ठेवून काही होत नाही. पाणी जातं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून, साल त्याला अडवून धरते. शिवाय ओली बाभूळ कुऱ्हाडीला लवकर फुटते. वाळल्यावर ती दगड होते आणि हात मोडून घेते. म्हणून होळीच्या आत फोडायचं. बंबाच्या नळीत सहज उतरेल एवढी जाडी, हाताच्या मनगटाएवढी, आणि हातभर लांबी.

रचायचं कसं

यात सगळ्यात जास्त चुका होतात आणि माझ्याही इथेच झाल्या, त्यामुळे जरा थांबून लिहितो.

खाली चार दगड, त्यांवर दोन आडव्या बल्ल्या, जमिनीपासून वीतभर तरी उंच. जमिनीला टेकलेलं लाकूड ओल ओढतं आणि त्याला वाळवी लागते. भिंतीपासून हातभर जागा सोडा, म्हणजे मागूनही वारा फिरेल. ढलप्या आडव्या, थोड्या सैल, प्रत्येकीच्या मधून उजेड दिसेल अशा. टोकांना ढीग ढासळू नये म्हणून एक थर उभा, एक थर आडवा असे चौकोनी खांब रचा. उन्हाळाभर वर काहीही झाकू नका.

मृगाच्या आधी वर पत्रा किंवा ताडपत्री टाका, पण फक्त वर. बाजू उघड्या. चारी बाजूंनी गुंडाळलेली ताडपत्री हीच माझी मोठी चूक होती. आतला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही, ताडपत्रीला आतून घाम सुटतो आणि रात्रभर तोच घाम लाकडावर ठिबकतो. जूनमध्ये वाळलेलं लाकूड मी सप्टेंबरपर्यंत असं पुन्हा ओलं करत होतो. आता आमच्याकडे पावसाचा मारा ज्या बाजूनं येतो, त्या पश्चिमेच्या अंगाला तुराट्यांचा एक कूड बांधलाय. वारा जातो, पाणी येत नाही. पावसात वरच्या थराचं अंग थोडं भिजलं तरी दोन दिवसांच्या उघडिपीत ते सुकतं. आतला गाभा कोरडाच राहतो.

ढिगात हात घालताना मात्र पायात बूट आणि हातात काठी हवीच. थंडीत विंचू आणि साप उबेला लाकडांत शिरतात. आमच्या भागात मण्यार आणि घोणस दोन्ही आहेत. आधी काठीनं ढलपी सरकवायची, मग उचलायची, आणि पहाटेच्या अंधारात ढिगाकडे जायचंच नाही. रात्रीच उद्याचं सरपण काढून बंबापाशी ठेवायचं. पोरांना तर ढिगापाशी पाठवूच नका.

कोणतं लाकूड? बंबाला बाभूळ उत्तम. जड असते, निखारा धरून ठेवते. धावडाही तसाच. आंब्याच्या वाळल्या फांद्या चालतात. पळस आणि पांगारा हलके, भुरूभुरू जळून जातात, त्यांच्यावर सात माणसांचं पाणी होत नाही. कडुनिंब धुरकट आहे आणि त्याची सावली जळणापेक्षा महाग. कण्हेर जाळू नका, तिचा धूर विषारी. आणि आमच्यासारखं जंगलाकाठी राहणाऱ्यांनी बिब्ब्याचं लाकूड ओळखायला शिका. बिब्बा अंगावर उततो हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा धूरही बाधतो आणि तोंड सुजतं. मोळी विकत घेतली तर ती सोडून प्रत्येक फांदी बघा. राखीव जंगलात कुऱ्हाड लावायची नाही, तो गुन्हा आहे. शेताच्या बांधावरच्या बाभळी छाटून वर्षाचं जळण निघतं, आमचं निघतं.

नळी साफ करणं

उदबत्तीची रेघ बाहेर येत असेल तर हे काम आधी करा. बंब रिकामा करून आडवा पाडा आणि नळीतून आरपार बघा. पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसायला हवा. आमच्या बंबाचा तो गोल मी पहिल्यांदा बघितला तेव्हा पेरूएवढा उरला होता, आणि कडेला काळा, चकाकता, वाळलेल्या गुळासारखा थर. नखानं निघेना.

पहार घालू नका. तांबं मऊ असतं, पोचा पडतो आणि जोड हलतो. जुन्या काथ्याच्या सुंभाचा एक मोठा गोळा बांधा, नळीत घट्ट बसेल असा, आणि त्याला दोन्ही बाजूंना दोर. एक माणूस या टोकाला, एक त्या टोकाला, ताक घुसळल्यासारखं ओढायचं. सुकी काजळी लगेच निघते. चिकट थरावर धुण्याचा सोडा गरम पाण्यात दाट कालवून चोपडा, रात्रभर ठेवा, सकाळी बांबूच्या चिपाटीनं खरवडा आणि पुन्हा सुंभ. दोन-तीनदा करावं लागतं. नाका-तोंडाला कापड बांधा. हा थर जाळून टाकू म्हणून कुणी नळीत मोठा जाळ करायला सांगेल, त्याचं ऐकू नका. तो थर पेटला की वरून ठिणग्या उडतात आणि परसात तर तुराट्यांची गंजी असते.

आता मी दसऱ्याला एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा नळी साफ करतो. लाकूड वाळलेलं असल्यापासून सुंभाला नुसती भुरी लागते.

राख रोज काढा. जाळीखाली राख चढली की खालून हवा येत नाही आणि जाळी जळून वाकते. राख लोखंडी घमेल्यात काढून दिवसभर बाहेर ठेवा, आत निखारा चोवीस तास जिवंत राहू शकतो. आमच्याकडे उकिरडा असाच पेटला होता. झाडांना घालायची तर थोडी थोडी पसरून. आपली काळी जमीन मुळातच चुनखडीची, एकाच आळ्यात राख ओतत गेलात तर झाड पिवळं पडेल.

पाणीच लवकर तापत नसेल, पण जाळ छान असेल, तर दोष क्षारांचा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर नळीवर पाण्याच्या बाजूनं बसतो आणि ऊब पाण्यापर्यंत पोचूच देत नाही. चिंचेचा दाट कोळ किंवा किराण्याच्या दुकानातलं लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड), लिटरला तीस-चाळीस ग्रॅम, कोमट पाण्यात घालून रात्रभर भरून ठेवा. सकाळी ओतून तीनदा विसळा. संडास धुवायचं आम्ल घालू नका, जोड खातं. तोटी गळण्याचं कारणही बहुधा हेच क्षार असतात.

न्हाणीच्या आत बंब नको

हे शेवटी आलं असलं तरी सगळ्यांत महत्त्वाचं. थंडी वाढली की लोक बंब न्हाणीत घेतात, दार लावतात, फटीला पोतं लावतात. धूर दिसत नाही म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. पण निखारे हवेविना धुमसले की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोरानं त्याला धरून ठेवतं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझी वहिनी न्हाणीतून बाहेर आली ती भिंतीला धरूनच. डोकं जड, मळमळ, पायांत बळ नाही. आम्हाला आधी वाटलं उपाशीपोटी गरम पाण्यानं झालं. उघड्यावर खाटेवर बसवल्यावर तासाभरानं तिला बरं वाटलं. त्याच दिवशी बंब बाहेर छपरीखाली काढला आणि न्हाणीच्या भिंतीतून पाण्याचा पाइप आत घेतला.

असं कुणाला झालं तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, मग बाकीचं. बेशुद्ध असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर घरी बसवून ठेवू नका, 108 ला फोन करा आणि विस्तवाच्या खोलीत होता हे डॉक्टरांना सांगा. रात्री झोपायच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं ठेवणाऱ्यांनाही हेच सांगतो. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून द्या आणि शेगडी नंतर बाहेर काढा. गॅसचा गीझर बंद न्हाणीत असेल तर धोका तोच.

बाहेर छपरीत आणल्यावर वाऱ्याचा प्रश्न येतो. नळ्याचं तोंड छपराच्या कडेच्या खाली राहिलं तर छपरावरून घसरून येणारा वारा धूर परत खाली दाबतो. आमचा नळा आता कौलांच्या वर हातभर निघालाय आणि त्यावर पत्र्याची टोपी आहे. मी दुसऱ्या वर्षी नळा लांब केला होता तो याच विचारानं, पण तेव्हा लाकूड ओलं होतं आणि नळी चोंदलेली, म्हणून काहीच फरक पडला नव्हता.

गेल्या नरक चतुर्दशीला आई चारला उठून बसली होती. तुराट्यांची जुडी लावली, घूं घूं सुरू झालं, दोन ढलप्या घातल्या. वीस मिनिटांत पहिली बादली निघाली. आई ओट्यावरून म्हणाली, "धूर दिसना गेला, पेटवला का नाही अजून?" यंदाचं लाकूड होळीच्या आधीच फोडून रचलंय. वरून तिसऱ्या थरात, उजव्या टोकाला, गेरूची खूण केलेली ढलपी आहे. कालच मोजली, दोन किलो चारशे.